मनोरुग्ण वॉर्डातली सिस्टर कोण असावी? : एक खुले पत्र

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण
महाराष्ट्र परिचर्या परिषद

विषय : मानसिक आरोग्य परिचारिकेची पात्रता, नेमणूक आणि काम

माननीय महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

रात्रीचे दोन वाजलेत. वॉर्डात एक पेशंट फेऱ्या मारतोय. बसवलं तर दोन मिनिटांत उठतो, पाय हलवत राहतो, दार ठोठावतो, कुणी अडवलं तर ढकलतो. ड्यूटीवरच्या सिस्टरने डॉक्टरांना फोन करून ‘पेशंट व्हायलंट आहे’ एवढंच सांगितलं, तर पलीकडून बहुतेक वेळा एकच उत्तर येतं : हॅलोपेरिडॉलचं (भास-उन्माद शमवणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन द्या.

पण त्या फेऱ्यांमागे निदान पाच वेगवेगळी कारणं असू शकतात. एक, आजाराचा जोर, म्हणजे उन्माद किंवा भास. दोन, अकॅथिसिया : दोन-चार दिवसांपूर्वी सुरू केलेल्या किंवा वाढवलेल्या औषधामुळेच पाय जागेवर ठरत नाहीत. अशा माणसाला हॅलोपेरिडॉल दिलं, तर त्रासाचं कारणच दुप्पट होतं. तीन, दारू सुटल्याचा त्रास : भरती होऊन दोन दिवस झालेत, हात थरथरतात, घाम फुटलाय, नाडी चढलीय. त्याला लोराझेपाम किंवा डायझेपाम आणि थायमिनची गरज असते; हॅलोपेरिडॉलने उलट फिट येण्याची शक्यता वाढते. चार, डिलिरियम, म्हणजे शारीरिक आजाराने अचानक झालेला मनाचा गोंधळ : ताप आहे, वार सांगता येत नाही, सकाळी शुद्धीत होता आणि आता नाही. आणि पाच, ज्याचा विचारच कुणाच्या मनात येत नाही ते : पेशंटची लघवी तुंबलीय. अंगाचा ताठरपणा कमी करायला दिलेल्या ट्रायहेक्सिफेनिडिलसारख्या गोळ्यांनी ती तुंबते, आणि ज्याच्या डोक्यात आवाज घुमतायत त्याला ‘पोटात कळ येते’ हे धड सांगता येत नाही.

ही पाच कारणं वेगळी करणं डॉक्टरांचं काम आहे, असं म्हणता येईल. पण रात्री डॉक्टर फोनवर असतात आणि पेशंटसमोर सिस्टर असते. नाडी, रक्तदाब, ताप, ऑक्सिजन, रक्तातली साखर; शेवटचा डोस कोणता आणि किती वाजता दिला; औषध कधी बदललं; शेवटची लघवी आणि शौच कधी; हातपाय ताठर आहेत का; वार आणि जागा सांगतोय का; शेवटचं दारूचं सेवन कधीचं. एवढं फोनवर सांगितलं गेलं तरच पलीकडचा निर्णय बरोबर येतो. ‘व्हायलंट’ या एका शब्दावर घेतलेला निर्णय हा अंदाजच असतो.

मनोरुग्ण विभागांत ड्यूटी करणाऱ्या आणि हाच विषय शिकवणाऱ्या आम्ही परिचारिका हे पत्र लिहीत आहोत. पत्र आपल्याला उद्देशून आहे. पण घरातलं माणूस कधी या वॉर्डात ठेवायची वेळ आली, तर रात्री त्याच्याजवळ कोण असेल, हे प्रत्येक नातेवाइकाला कळायला हवं. म्हणून ते सगळ्यांसमोर ठेवत आहोत.

आमची पहिली आणि मुख्य तक्रार कायद्यातल्या एका ‘किंवा’बद्दल आहे.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. रुग्णांच्या हक्कांच्या बाबतीत तो आधीच्या १९८७ च्या कायद्यापेक्षा कितीतरी पुढे आहे, आणि आम्ही त्याच्या बाजूच्याच आहोत. कलम २ मध्ये या क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या व्याख्या दिल्या आहेत. सायकियाट्रिक सोशल वर्करसाठी समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि वर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., तेही देखरेखीखालच्या प्रत्यक्ष कामासह. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसाठीही तशीच कडक अट. परिचारिकेच्या व्याख्येत मात्र लिहिलंय : सामान्य परिचर्येची पदविका किंवा पदवी, किंवा मानसोपचार परिचर्येची पदविका किंवा पदवी, आणि परिषदेकडे नोंदणी.

म्हणजे जनरल नर्सिंग करून नोंदणी झालेली कुणीही व्यक्ती कायद्याच्या लेखी मानसिक आरोग्य परिचारिका ठरते. काल शल्यगृहात असलेली आज मनोरुग्ण वॉर्डात आली, तरी कागदोपत्री काहीच उणं राहत नाही. मग मानसोपचार परिचर्येचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा किंवा त्याच विषयातली दोन वर्षांची एम.एस्सी. कशासाठी करायची? बंगळुरूच्या ज्या संस्थेची पुढे निम्हान्स ही राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था झाली, तिथे परिचारिकांना हे वेगळं प्रशिक्षण देण्याची गरज १९५० च्या दशकातच ओळखली गेली होती. त्यानंतर इतक्या वर्षांनी कायद्याने ते शिक्षण ऐच्छिक ठरवलं.

प्रश्न फक्त नावाचा असता तर एवढं लांबलचक पत्र लिहिलं नसतं. कलम ५५ नुसार राज्य प्राधिकरण मानसिक आरोग्य परिचारिकांची नोंदणी ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ म्हणून करतं. कलम ८९ प्रमाणे रुग्णाला नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून, त्याची स्वतःची संमती देण्याची अवस्था नसताना, ३० दिवसांपर्यंत दाखल करून घेता येतं. त्याआधी दोघांनी त्याची स्वतंत्रपणे तपासणी करायची असते : एक मनोविकारतज्ज्ञ, आणि दुसरी व्यक्ती मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा वैद्यकीय व्यवसायी. ही दोन कलमं एकत्र वाचली की अर्थ स्पष्ट होतो. माणसाचं स्वातंत्र्य महिनाभर बाजूला ठेवायचं की नाही, हे ठरवणाऱ्या दोन तपासण्यांपैकी एक नोंदणीकृत परिचारिका करू शकते. हा अधिकार मोठा आहे आणि परिचारिकेला तो मिळावा असं आम्हालाही वाटतं. पण ज्या व्यक्तीने विद्यार्थिदशेतल्या पोस्टिंगनंतर एकदाही मनःस्थितीची पद्धतशीर तपासणी केलेली नाही, तिच्या सहीला हे वजन देणं त्या रुग्णावर अन्याय आहे आणि त्या परिचारिकेवरही.

पोस्टिंगचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. अभ्यासक्रमात हा विषय सगळ्यांना असतो. विद्यार्थिनींचा गट वॉर्डात येतो. प्रत्येकीने एक हिस्टरी घ्यायची, एक मनःस्थिती तपासणी लिहायची, एक आरोग्य संवाद घ्यायचा आणि एक प्रोसेस रेकॉर्डिंग करायचं. हे शेवटचं सगळ्यात मोलाचं : पेशंट काय म्हणाला, मी काय म्हणाले, त्या क्षणी मला काय वाटलं आणि माझ्या बोलण्याने संवाद पुढे गेला की तुटला, हे ओळीओळीने लिहायचं आणि शिक्षिकेसोबत तपासायचं. १९५० च्या दशकात अमेरिकेत हिल्डेगार्ड पेपलाऊ या परिचारिकेने परिचारिका-रुग्ण नातं हाच या परिचर्येचा पाया मानला, त्या परंपरेतून हे आलंय. प्रत्यक्षात एकाच शांत, बोलक्या पेशंटवर दहा जणी फाइल पूर्ण करतात, कारण बोलत नसलेल्या पेशंटजवळ जायची भीती वाटते आणि जवळ बसून शिकवणारं कुणी नसतं. परीक्षा झाली की ती फाइल पुन्हा कुणी उघडत नाही.

दुसरी तक्रार बदल्यांची. ज्या परिचारिकेने वर्ष खर्चून हा डिप्लोमा केला, तिला परत आल्यावर नेत्र विभागात किंवा अपघात विभागात टाकलं जातं, आणि मनोरुग्ण वॉर्डात अशी कुणी येते जिला विचारलंही गेलेलं नसतं. ‘नर्स ती नर्स’ या समजुतीतून हे होतं. त्याची किंमत औषधांच्या ट्रॉलीवर दिसते. दोनच औषधांची उदाहरणं देतो.

लिथियम, उन्माद-नैराश्याच्या आजारावरचं औषध. रक्तातलं त्याचं उपयोगी प्रमाण साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर. तीव्र उन्मादात थोडं वर. १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. उपयोग आणि विष यांच्यात इतकं थोडं अंतर असलेली औषधं फार नाहीत. रक्ताचा नमुना शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घ्यायचा असतो. रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त, आणि त्यानंतरच सकाळची गोळी. हे माहीत नसलेली सिस्टर आठला गोळी देते, दहाला रक्त जातं, आकडा फुगून येतो, डोस कमी होतो आणि तीन आठवड्यांत पेशंट पुन्हा उन्मादात जातो. चूक रिपोर्टमध्ये दिसत नाही, कारण नमुन्याची वेळच कुणी लिहिलेली नसते. दुसऱ्या बाजूला, जुलाब-उलट्या झालेल्या पेशंटला ‘पोट बिघडलंय’ म्हणून सोडून दिलं जातं. लिथियमवरच्या माणसाला जुलाब होणं हे विषबाधेचं लक्षणही असू शकतं आणि कारणही, कारण शरीरातलं पाणी-मीठ कमी झालं की लिथियम साचतं. सोबत हाताची थरथर जाडसर झाली, जीभ अडखळायला लागली, चालताना झोक जायला लागला, तर पुढची गोळी थांबवून लगेच कळवायचं असतं. अंगदुखीसाठी सहज दिलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळीही पातळी वाढवते.

क्लोझापिन. दुसऱ्या कुठल्याही औषधाने ज्यांना फरक पडला नाही अशा पेशंटना याने पुन्हा उभं केलेलं आम्ही पाहतो. पण पहिले १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी तपासाव्या लागतात. घसा दुखणं किंवा ताप याला किरकोळ समजून चालत नाही. त्याच दिवशी रक्त तपासावं लागतं. शौच झालं का, हे रोज विचारावं लागतं, कारण या औषधाचा बद्धकोष्ठ आतडं बंद पाडेपर्यंत जाऊ शकतो आणि त्याने माणसं दगावतात. सिगारेट ओढणारा माणूस वॉर्डात आल्यावर ओढायचा थांबला, तर त्याच डोसची रक्तातली पातळी चढते आणि तो गुंगीत जातो. आणि सगळ्यात वारंवार होणारी चूक : पेशंट तीन दिवस घरी गेला, तिथे गोळ्या घेतल्याच नाहीत, रविवारी रात्री परत आला. केसपेपरवर ३०० मिलिग्रॅम लिहिलंय, म्हणून सिस्टरने ३०० दिलं. ४८ तासांहून जास्त खंड पडला असेल तर क्लोझापिन पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढवायचं असतं. थेट पूर्ण डोस दिला तर रक्तदाब कोसळतो, कधी फिट येते. परत आलेल्या पेशंटला ‘शेवटची गोळी कधी घेतलीस?’ हा एक प्रश्न विचारायची सवय प्रशिक्षणातून लागते.

असंच मान वाकडी होऊन डोळे वर चढलेल्या मुलाचं. नवशिक्या वॉर्डात त्याला ‘नाटक करतोय’ म्हटलं जातं. ती तीव्र डिस्टोनिया असते, म्हणजे औषधामुळे स्नायू आखडलेले असतात. प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने बहुधा अर्ध्या तासाच्या आत उतरते; घशाच्या स्नायूंना धरली तर श्वासावर बेतते. आणि ताप, घाम, लोखंडी नळीसारखे ताठ हातपाय, वरखाली होणारा रक्तदाब हे सगळं एकत्र दिसलं तर तो साधा ताप समजून पॅरासिटामॉल द्यायचा नसतो. अँटिसायकोटिक (हॅलोपेरिडॉलसारखं औषध) लगेच थांबवून पेशंटला अतिदक्षता विभागाकडे न्यायचं असतं.

तिसरी तक्रार बांधून ठेवण्याची, आणि ती लिहिताना हात जड होतो. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी इथल्या मनोरुग्णांच्या आश्रयस्थळी आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेल्यांना पळताही आलं नाही; २८ जण दगावले. साखळ्यांवर आता कायद्याने बंदी आहे. कलम ९७ नुसार कोंडून ठेवताही येत नाही. शरीर जखडायचं ते फक्त तत्काळ इजा टाळायला दुसरा काहीच उपाय उरला नसेल तेव्हा, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपुरत्या वेळासाठी, कारण आणि कालावधी लिहून. त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे, जे प्रत्येक प्रशासकाने टेबलावर लावून ठेवावं : कर्मचारी कमी आहेत एवढ्या कारणासाठी कुणालाही बांधता येणार नाही.

आता चाळीस पेशंटच्या वॉर्डात रात्री एक सिस्टर आणि एक मामा (वॉर्डबॉय) एवढेच असतील, तर कायदा पाळायचा कसा? आणि पाळायची इच्छा असली तरी तंत्र कुणी शिकवलंय? पेशंटला पालथं पाडून पाठीवर गुडघा ठेवणं ही सहज घडणारी आणि जीव घेणारी चूक आहे, कारण छाती फुलायला जागाच राहत नाही. एका माणसाने फक्त डोकं सांभाळायचं, चेहऱ्याकडे आणि श्वासाकडे बघायचं, पेशंटशी तोच एकटा बोलेल आणि ‘सोडा’ म्हणायचा अधिकार त्यालाच असेल. मान, छाती, पाठ, पोट यांवर भार नको. पट्टा बांधलाच तर त्याच्या आत दोन बोटं सरकायला हवीत. दर १५ मिनिटांनी बोटांचा रंग, ऊब, श्वास, शुद्ध पाहायची. आलटून पालटून एकेक हात-पाय मोकळा करायचा, पाणी द्यायचं, लघवीला न्यायचं. इंजेक्शन दिलं असेल तर पहिला तासभर दर १५ मिनिटांनी नाडी, श्वास, रक्तदाब, ऑक्सिजन. ओलान्झापिनचं स्नायूतलं इंजेक्शन आणि लोराझेपामचं इंजेक्शन एकदम द्यायचं नाही. झोपला म्हणजे काम झालं, हा समज सगळ्यात धोकादायक. खरी नजर त्यानंतरच ठेवायची असते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथपर्यंत वेळ येऊ न देणं. ब्रिटनमध्ये लेन बॉवर्स हे परिचर्या-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ रुग्णालयांतल्या ३१ वॉर्डांवर ‘सेफवॉर्ड्स’ नावाची पद्धत तपासली; निष्कर्ष २०१५ मध्ये आले. त्यातले उपाय ऐकायला साधे आहेत. ड्यूटी बदलताना प्रत्येक पेशंटबद्दल काहीतरी चांगलं सांगायचं. ‘नाही’ म्हणायचं असेल तेव्हा नरम शब्दांत, कारण देऊन. घरून वाईट बातमी आली असेल तर पेशंट एकटा पडू द्यायचा नाही. वॉर्डात गडबड झाली तर नंतर बाकीच्यांजवळ बसून त्यांना धीर द्यायचा. संघर्षाच्या घटना १५ टक्के आणि जबरदस्तीचे उपाय २६.४ टक्के कमी झाले. त्याच देशात मानसिक आरोग्य परिचर्या ही सामान्य परिचर्येपासून वेगळी, स्वतंत्र नोंदणीची शाखा आहे. आपल्याकडे ‘पेशंटशी बोलणं’ हे कामाच्या यादीतच नाही. गोळ्या दिल्या, इंजेक्शन दिलं, नाडी पाहिली याला चार्टवर रकाना आहे. वीस मिनिटं शेजारी बसून भासातल्या आवाजांबद्दल विचारलं, त्याला रकाना नाही. मग इनचार्ज विचारते, ‘सिस्टर, रिकाम्या का बसलात?’

चौथी बाब आत्महत्येच्या धोक्यातल्या पेशंटवर लक्ष ठेवण्याची. ‘दर १५ मिनिटांनी पाहिलं’ अशा सह्या रात्रीच्या शेवटी एकदम मारल्या जातात, हे आपल्यालाही माहीत असेल. पण ठरल्या मिनिटाला प्रामाणिकपणे पाहिलं तरी ते अपुरं आहे, कारण पेशंटही घड्याळ पाहतो. वेळा अनियमित हव्यात, आणि नुसतं डोकावणं नको, दोन वाक्यांचं बोलणं हवं. ड्यूटी बदलण्याची अर्धी घटका सगळ्यात कच्ची असते. त्या वेळी हँडओव्हर पेशंटच्या खाटेजवळ द्यायचा आणि एकीने वॉर्डात राहायचंच. ‘मरून जावं असं मनात येतं का? त्याबद्दल काही ठरवलंय का?’ असं सरळ विचारावं लागतं. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे. विचारल्याने माणूस बोलता होतो. आणि खोल नैराश्यातला पेशंट एकाएकी हलका, निवांत दिसू लागला, वस्तू वाटू लागला, तर नोट्समध्ये ‘पेशंट शांत. तक्रार नाही.’ असं लिहून पुढे जायचं नसतं. हे चार शब्द आमच्या केसपेपरांवर सगळ्यात जास्त वेळा लिहिले जातात, आणि त्यांतून पुढच्या सिस्टरला काहीच कळत नाही.

धोका डिस्चार्जच्या दारावरही संपत नाही. घरी गेल्यानंतरचा पहिला आठवडा, त्यातही पहिले काही दिवस, फार नाजूक असतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मनोविकार परिचारिकेचं आणि समुदाय परिचारिकेचं पद ठेवलंय ते याच कामासाठी. तिला शिबिराच्या नोंदी आणि अहवालांचे तक्ते भरायला बसवलं की पहिल्या आठवड्यातला तो फोन कुणीच करत नाही.

एक गोष्ट नीट समजून घ्यावी. सामान्य वॉर्डांतून आलेल्या आमच्या भगिनी आणि ब्रदर यांच्याविरुद्ध हे पत्र नाही. त्यांच्यातल्या कित्येकांनी वर्षानुवर्षं काम करत, विचारत, चुकत हे कौशल्य मिळवलंय आणि आम्हीही त्यांच्याकडून शिकलो. मधुमेह, फिट, जखम, प्रसूती यांचं त्यांचं ज्ञान या वॉर्डात लागतंच, कारण मनोरुग्णांचे शारीरिक आजार नेहमी दुर्लक्षिले जातात. सामान्य परिचर्या हा पाया आहेच. आमचं म्हणणं एवढंच की पायावर भिंत हवी. कायद्यात ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ हवं.

आमच्या मागण्या अशा आहेत.

राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाने कलम ५५ खालच्या नोंदणीकृत परिचारिकांची यादी प्रसिद्ध करताना प्रत्येक नावासमोर मानसोपचार परिचर्येतली पात्रता आणि या क्षेत्रातला अनुभव दाखवावा. यादी कशी प्रसिद्ध करायची हे प्राधिकरणाच्याच विनियमांत ठरतं.

कलम ८९ ची स्वतंत्र तपासणी परिचारिकेकडून करून घ्यायची असेल, तर ती विशेष पात्रता असलेल्या परिचारिकेनेच करावी, असं परिपत्रक आरोग्य विभागाने काढावं. प्राधिकरणावर मानसिक आरोग्यातला किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या परिचारिकेची जागा कायद्यानेच ठेवलीय. ती रिकामी राहू नये आणि त्या सदस्याचं मत अशा परिपत्रकाआधी घेतलं जावं.

प्रत्येक मनोरुग्ण वॉर्डात, प्रत्येक पाळीत, रात्रीसह, डिप्लोमा किंवा एम.एस्सी. झालेली किमान एक परिचारिका प्रमुख म्हणून असावी. ही पदं वेगळी काढावीत आणि त्यांवरची बदली फक्त दुसऱ्या मानसिक आरोग्य केंद्रात व्हावी. विशेष पात्रतेला वेतनात स्थान असावं.

आधीपासून काम करणाऱ्या कुणालाही काढू नये. नव्याने वॉर्डात येणाऱ्या प्रत्येकीला स्वतंत्र ड्यूटी देण्याआधी सहा आठवडे अनुभवी परिचारिकेच्या जोडीने काम करू द्यावं, आणि त्या काळात ठराविक गोष्टी प्रत्यक्ष करून दाखवल्याची नोंद असावी : पाच मनःस्थिती तपासण्या, दारू सुटण्याच्या त्रासाचं गुणांकन, लिथियम आणि क्लोझापिनची तपासणी-यादी, ईसीटीची (विजेच्या झटक्याने केल्या जाणाऱ्या उपचाराची) पूर्वतयारी आणि नंतरची निगा, सुरक्षित धरण्याचं तंत्र, आत्महत्येबद्दलची मुलाखत. हेच प्रशिक्षण, त्यांच्या कामापुरतं, मामा-मावशींनाही द्यावं. धरायला पहिले तेच धावतात. ज्यांना डिप्लोमा करायचा आहे त्यांना दर वर्षी पगारी प्रतिनियुक्ती मिळावी.

एखाद्या पेशंटजवळ सतत बसण्याचा आदेश निघाला, तर त्यासाठी जादा माणूस द्यावा. वॉर्डातली एकुलती सिस्टर त्यात धरू नये. बांधण्याच्या प्रत्येक नोंदीत त्या वेळी ड्यूटीवर किती जण होते हा आकडा लिहिणं सक्तीचं करावं. मनोरुग्ण वॉर्डातल्या परिचारिकांना पंधरवड्यातून एकदा तासभर, ड्यूटीच्या वेळेत, वरिष्ठांसोबत केसेसवर बोलायला मिळावं. मार खाल्लेल्या किंवा पेशंट गमावलेल्या सिस्टरला दुसऱ्या दिवशी फक्त स्पष्टीकरणाची नोटीस मिळते, हे थांबावं.

परिचर्या परिषदेने या विषयाच्या प्रात्यक्षिकासाठी प्रत्येक विद्यार्थिनीला वेगळा पेशंट, आणि वॉर्डात प्रत्यक्ष हजर राहणारी, याच विषयातली शिक्षिका असल्याची पडताळणी करावी.

आणि राज्याने केंद्राकडे कलम २ मधल्या व्याख्येत दुरुस्तीची शिफारस करावी. तिच्यात उल्लेख आहे तो १९४७ च्या कायद्याखालच्या परिषदेचा. त्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोग आणणारा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. म्हणजे त्या ओळीला हात लावायचं निमित्त समोर आहेच. त्याच वेळी ‘किंवा’चाही प्रश्न सोडवावा, आणि सध्या काम करणाऱ्यांना पात्रता मिळवायला पाच वर्षांची मुदत द्यावी.

यातल्या पहिल्या मागणीला नवीन पद लागत नाही आणि संसदेची मंजुरीही लागत नाही. नोंदवहीत एक रकाना वाढवायचा आहे. तो कधीपर्यंत वाढेल, हे आम्हाला लेखी कळवावं ही विनंती.

आपल्या,
मनोरुग्ण विभागांत काम करणाऱ्या आणि शिकवणाऱ्या परिचारिका